खांदेरीचा दीप कोणाचा?

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथील जागतिक वारसा समितीच्या ४७व्या अधिवेशनात मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि महाराष्ट्रात स्वाभाविकच आनंदाची लाट उसळली. रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, पन्हाळा यांच्या नामस्मरणानेच मराठी मनाची छाती फुलते. तामिळनाडूतील जिंजीने या मालिकेला राष्ट्रीय परिमाण दिले. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग ही नावेही सर्वपरिचित आहेत. मात्र या बारांतील एक नाव असे आहे, की शाळकरी मुलांनाच नव्हे तर त्यांच्या शिक्षकांनाही ते नकाशावर चटकन दाखवता येणार नाही. ते नाव म्हणजे खांदेरी. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यासमोर चार-पाच किलोमीटर आत समुद्रात हे चिमुकले बेट उभे आहे. शिवछत्रपतींच्या दूरदृष्टीची साक्ष देणारा तट त्याच्या कडेने फिरतो आणि टेकडीवर १८६७ साली उभारलेले अष्टकोनी दीपगृह दिसते. पायाशी स्वराज्याचा तट आणि माथ्यावर परकीय राजवटीत बांधलेला मनोरा, असे हे दृश्य आहे. वारशाचा जल्लोष ओसरल्यावर या मनोऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर आपण कसे देतो, यावरून आपल्या इतिहासभानाची प्रौढता ठरणार आहे.

खांदेरीचे महत्त्व कळायचे तर १६७९ सालाकडे जावे लागते. एका बाजूस जंजिऱ्याचा सिद्दी आणि दुसऱ्या बाजूस मुंबईचा इंग्रज, या दोन सत्तांच्या सागरी वाटेवर पाचर मारायची तर ती नेमकी कोठे, हे शिवाजी महाराजांनी अचूक हेरले होते. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेले हे निर्जन बेट म्हणजेच ती जागा. १६७२ साली येथे तटबंदीचा एक प्रयत्न झाला होता, पण तो तडीस गेला नाही. १६७९च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी यांच्या नेतृत्वाखाली महाराजांची माणसे बेटावर उतरली आणि भर समुद्रात बांधकाम सुरू झाले. आपल्या उंबरठ्यावर किल्ला उभा राहतो आहे हे पाहून मुंबईकर इंग्रजांचे धाबे दणाणले. त्यांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. परंतु इंग्रजांची अवजड जहाजे वाऱ्यावर अवलंबून होती, तर मराठ्यांची वल्ह्यांवर चालणारी, उथळ बुडाची होडकी रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावरून सामान, दारूगोळा आणि माणसे घेऊन सहज निसटत असत. इंग्रजांच्या तत्कालीन पत्रांतच ही हतबलता नोंदलेली आहे. सप्टेंबरच्या चकमकीत त्यांचा एक अधिकारी ठार झाला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या नेतृत्वाखाली मराठा आरमाराने इंग्रज ताफ्यावर उघड हल्ला चढवला आणि 'डव्ह' हे त्यांचे जहाज पकडले. पुढे सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावून तोफा डागल्या, तरी खांदेरी पडली नाही. १६८०च्या आरंभी इंग्रजांनी आपले आरमार मागे घेतले. ज्या सत्तेने पुढे जगभरच्या समुद्रांवर अधिराज्य गाजवले, तिला आपल्या दारातील एका खडकावरचे बांधकामही थांबवता आले नव्हते.

हा वारसा पुढे कान्होजी आंग्रे यांनी नुसता राखला नाही, तर वाढवला. १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने मोठ्या तयारीनिशी खांदेरीवर स्वारी केली. ती साफ फसली. १७२९ साली कान्होजींचे निधन होईपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांपैकी कोणालाही या सरखेलाला नमवता आले नाही. रणात जिंकता आले नाही, तेव्हा लेखणीने जिंकण्याचा मार्ग अवलंबला गेला. स्वतःच्या किनाऱ्यावर परवाने देण्याचा आणि कर घेण्याचा सार्वभौम अधिकार बजावणाऱ्या कान्होजींना इंग्रज लेखकांनी 'चाचा' ठरवले. जॉन बिडल्फ याने १९०७ साली लिहिलेल्या ग्रंथाच्या शीर्षकातच 'मलबारचे चाचे' असा शब्दप्रयोग आहे. हाच शब्द मग पाठ्यपुस्तकांत झिरपला आणि आपल्याच मुलांनी आपल्याच नौसेनानीला लुटारू म्हणून ओळखावे, अशी वेळ आली.

तथापि इतिहास केवळ अभिमान वाटावा म्हणून वाचायचा नसतो. १७५६ साली विजयदुर्ग येथे तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळून खाक झाले, ते एकट्या इंग्रजांच्या पराक्रमाने नव्हे. त्या मोहिमेत पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने उभे होते. तुळाजींच्या वर्तनाबद्दल पेशव्यांच्या तक्रारी होत्या आणि त्यांतील काही खऱ्याही असतील. परंतु घरच्या भांडणाचा निवाडा करण्यास परक्याला बोलावले, की निवाडा होतो आणि घरही जाते. रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले होते. आपण ते अंग आपल्याच हातांनी तोडून दिले. या घटनेनंतर १११ वर्षांनी, १८६७ साली, इंग्रजांनी खांदेरीच्या टेकडीवर स्वतःचा दिवा लावला. जो खडक त्यांना लढून घेता आला नव्हता, तो त्यांच्या व्यापाराची वाट उजळू लागला. दीपगृहाकडे पाहताना ही कारणपरंपरा विसरता येणार नाही. तो मनोरा इंग्रजांच्या कर्तृत्वाची खूण आहे, तशीच ती आपल्या दुहीचीही खूण आहे.

आता मुद्दा येतो मनोऱ्याच्या जतनाचा. शिवरायांच्या दुर्गावर इंग्रजी राजवटीतील मनोरा कशाला जपायचा, असा प्रश्न काही उत्साही तरुण विचारतात. त्या प्रश्नामागील भावना प्रामाणिक आहे आणि म्हणूनच तिला उत्तर देणे आवश्यक आहे. दीपगृह म्हणजे राजवाडा नव्हे, तुरुंग नव्हे की एखाद्या व्हाइसरॉयचा पुतळाही नव्हे. ते वास्तूपेक्षाही अधिक एक सेवा आहे. मनोऱ्यावरचा दिवा समोरून येणारे जहाज इंग्रजांचे की अरबांचे, गलबत व्यापाऱ्याचे की होडी कोळ्याची, हे विचारत नाही. अंधारात वाट चुकलेल्या प्रत्येकाला तो खडक दाखवतो. दुसऱ्यासाठी जळत राहणे हे ज्या संस्कृतीत दिव्याचे लक्षण मानले गेले, तिला दीपगृह परके वाटण्याचे कारण नाही. ते उभारण्यासाठी चिरे फोडणारे आणि भरतीओहोटी सांभाळून ते बेटावर उतरवणारे हात याच किनाऱ्यावरचे असणार, हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

दीपगृहाची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा जितका उंच, तितका तो दुरून दिसतो. म्हणून टेकडी आणि तिच्यावर मनोरा. एकोणिसाव्या शतकातील दीपगृहांत तेलाची वात असे. तिचा प्रकाश चहूकडे विखरून वाया जाऊ नये म्हणून फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलेल्या, काचेच्या लोलकांच्या वलयांनी बनलेल्या भिंगातून तो एकत्र करून क्षितिजाकडे वळवला जाई. पुढे तेलाची जागा विजेने घेतली. प्रत्येक दीपगृहाची लकाकण्याची लय निराळी असते. किती सेकंदांनी आणि किती वेळा दिवा चमकतो, हे मोजून नाविक ते दीपगृह कोणते हे ओळखतो. दिवसा हेच काम मनोऱ्याचा आकार आणि रंग करतात. सांगायचे ते असे, की येथील रंग, उंची, काच आणि भिंग हे शोभेसाठी नाही, त्यांतील प्रत्येक घटकाला प्रयोजन आहे. जतन करणाऱ्याने हे प्रयोजन आधी जाणून घेतले पाहिजे.

स्वतंत्र भारताने या बाबतीत एक योग्य पाऊल टाकले, तेही पाडापाडी न करता. १९९८ साली या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले आणि इंग्रजांच्या कागदोपत्री 'केनरी' असलेले दीपगृह 'कान्होजी आंग्रे दीपगृह' झाले. ज्यांना चाचा म्हणून हिणवले, त्यांचेच नाव आता येथून जाणाऱ्या जहाजांच्या नकाशावर असते. नौदलानेही हे ऋण मानले आहे. मुंबईतील तटावरील तळाला १९५१ साली 'आंग्रे' हे नाव मिळाले. 'खांदेरी' नावाची पहिली पाणबुडी १९६८ साली नौदलात आली आणि १९८९ साली निवृत्त झाली. त्याच नावाची दुसरी पाणबुडी २८ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत दाखल झाली. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलाने स्वीकारलेल्या नव्या ध्वजावरील अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतला आहे. खांदेरीचा मनोराही अष्टकोनी असावा, हा निव्वळ योगायोग. परंतु डोळस समाज अशा योगायोगाचेही संस्कारात रूपांतर करू शकतो.

नामांतर हा मात्र जतनाचा आरंभ असतो, शेवट नव्हे, हे स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली आहे. नाव बदलले की कर्तव्य संपले, ही वृत्ती आपल्या सार्वजनिक जीवनात फोफावली आहे. पाटी बदलण्याच्या समारंभाला गर्दी जमते. पाटीमागची भिंत ढासळते तेव्हा तिथे कोणी नसते. खांदेरीवर समुद्र रोज तटाला धडका देतो, पावसाळ्यात चार महिने बेटावर जाणेही कठीण असते आणि खारा वारा दगड, लोखंड, पितळ यांना अहोरात्र कुरतडत असतो. येथे चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या तोफा आहेत. अशा गाड्यांसह टिकलेल्या तोफा आपल्या दुर्गांवर क्वचितच आढळतात. त्यांच्यावर चढणारा गंज नाव पाहून थांबत नाही.

जतनाचे शास्त्र आता पुरेसे प्रगत आहे. चुन्यात बांधलेल्या जुन्या दगडी कामाला सिमेंटचा गिलावा दिला, की आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही. त्यातील क्षारांचे स्फटिक बनतात आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. वरून भिंत नवी दिसते, पण आतून ती भुसभुशीत होत जाते. न श्वसणाऱ्या रंगाचेही तेच. दीपगृहाला रंग तर हवाच, कारण दिवसा ती त्याची ओळख असते. पण तो कोणता द्यावा, हे ठेकेदाराने नव्हे, तर जाणकाराने ठरवले पाहिजे. तटाच्या सांध्यांत रुजणारी वड-पिंपळाची रोपे लहान असतानाच काढावी लागतात. मोठी झाल्यावर ती उपटली तर चिऱ्यांसह बाहेर येतात. 'आज्ञापत्रा'त दुर्गांच्या निगेविषयी किती बारकाईने सांगितले आहे, हे ज्यांनी वाचले असेल त्यांना यात परदेशी असे काहीच वाटणार नाही. किल्ला बांधण्याइतकेच तो राखणेही राज्यकर्त्याचे काम आहे, ही शिवकालीन दृष्टी होती.

अडचण ज्ञानाची नसून व्यवस्थेची आहे. खांदेरीचा किल्ला राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या संरक्षणाखाली आहे. बेट दीर्घकाळ मुंबई बंदराच्या व्यवस्थेत राहिले आहे. नौकानयनाच्या साहाय्यक साधनांसाठी केंद्राचे दीपगृह महानिदेशालय आहे. त्याखेरीज किनाऱ्याचे नियम, सागरी सुरक्षा आणि पर्यटन यांची खाती वेगवेगळी. प्रत्येक खाते आपापल्या परीने योग्य असेल, परंतु तट एकाचा आणि मनोरा दुसऱ्याचा असे झाले, की मधला जिना कोणाचाच राहत नाही. जागतिक वारशाच्या मान्यतेमुळे आता व्यवस्थापनाची जबाबदारी आंतरराष्ट्रीय स्तरावर स्वीकारली गेली आहे. दुर्ग आणि दीपगृह यांचा एकच जतन-आराखडा असावा आणि त्याला उत्तरदायी असा एकच अधिकारी असावा, ही मागणी म्हणूनच आग्रहाने केली पाहिजे.

कायद्याचे पाठबळही आहे. १९२७चा दीपगृह कायदा मोडीत काढून संसदेने २०२१ साली सागरी नौकानयन साहाय्यांसंबंधी नवा कायदा केला. त्यात प्रथमच 'वारसा दीपगृह' या संकल्पनेला स्थान मिळाले. देशात दोनशेहून अधिक दीपगृहे आहेत. त्यांतील ७५ दीपगृहांवर पर्यटनाच्या सोयी उभारून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी तुतुकुडी येथे त्यांचे लोकार्पण केले. गुजरातेतील लोथल येथील राष्ट्रीय सागरी वारसा संकुलात दीपगृह-संग्रहालय उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्यता दिली. नवे संग्रहालय अवश्य व्हावे. पण जी दीपगृहे आपापल्या खडकावर अजून उभी आहेत, ती जिवंत संग्रहालयेच आहेत, याचा विसर पडू नये.

अनुकरणीय उदाहरणे आपल्याच देशात आहेत. महाबलीपुरम येथे पल्लवकालीन ओलक्कण्णेश्वर मंदिराच्या माथ्याचा एकोणिसाव्या शतकात दीपगृहासारखा उपयोग करण्यात आला. पुढे शेजारीच दगडी मनोरा उभा राहिला. आज मंदिर आणि मनोरा एकाच टेकडीवर आहेत. मंदिराचे मंदिरपण अबाधित आहे आणि सुरक्षेच्या कारणास्तव २००१ साली बंद केलेला मनोरा २०११ साली पुन्हा लोकांसाठी खुला झाला. एकाचा मान राखण्यासाठी दुसऱ्याला पाडावे लागले नाही. गोव्यात आग्वादच्या किल्ल्यातील १८६४ सालचे पोर्तुगीजकालीन दीपगृह १९७६ साली विझले, तरी ते जपले गेले आणि २०२३ साली देशाचा पहिला दीपगृह महोत्सव तेथेच भरला. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता उखडून टाकणाऱ्या गोव्याला त्या सत्तेचा मनोरा सांभाळताना कमीपणा वाटला नाही. जेत्याचे मन मोठे असते. असुरक्षित मनालाच जुन्या दगडांची भीती वाटते.

उपग्रहांच्या युगात दीपगृह हवेच कशाला, असाही एक आक्षेप आहे. जहाजावरचा पडदा अचूक स्थान दाखवतो हे खरे, परंतु पडदा बिघडतो आणि संकेत अडवलेही जाऊ शकतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही दोन जहाजे आधुनिक उपकरणे असतानाही एकमेकांवर आदळली, बंदराचा मार्ग ठप्प झाला आणि वाहून गेलेल्या पेट्या व तेल यांची झळ रायगडच्या किनाऱ्यालाही लागली. त्या अपघाताचे कारण दिवा नव्हता हे खरे, पण या जलमार्गाची नाजूक अवस्था त्याने दाखवून दिली. सुरक्षेचा मुद्दा याहून गंभीर आहे. १९९३ साली स्फोटके उतरली ती याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, आणि २६ नोव्हेंबर २००८ रोजी मारेकरी आले तेही समुद्रमार्गेच. त्यानंतर किनारी टेहळणीची जी साखळी उभारण्यात आली, तिचे रडार देशभरातील अनेक दीपगृहांवर बसवण्यात आले. समुद्राकडे पाठ फिरवणाऱ्याला समुद्र क्षमा करत नाही, हा धडा १७५६ने दिला होता. २००८ने तो रक्ताने गिरवून घेतला.

या साऱ्या विचारात ज्यांचा उल्लेख बहुधा सर्वांत शेवटी होतो, ते खरे तर पहिले आहेत. थळ आणि परिसरातील कोळी बांधवांसाठी खांदेरी म्हणजे वारसास्थळ वा पर्यटनस्थळ नव्हे, ती वेताळदेवाची जागा आहे. बेटावरील वेताळाला नवस बोलणे, फेडणे आणि होडी समुद्रात घालताना त्याचे स्मरण करणे, ही परंपरा तेथे आजही चालू आहे. मायनाक भंडारी ज्या दर्यावर्दी समाजातून आले, त्याच समाजांनी हा समुद्र पिढ्यान्‌पिढ्या राखला. जतनाच्या नावाखाली त्यांचा देव तारेच्या कुंपणाआड गेला आणि शहरी पाहुण्यांसाठी धक्का मोकळा झाला, तर तो जतनाचा विपर्यास ठरेल. बेटावरील मार्गदर्शक, नावाडी आणि राखणदार यांत पहिला हक्क याच गावांचा असला पाहिजे. त्यांच्या सहभागाशिवाय केलेला कोणताही आराखडा पहिल्या पावसात वाहून जाईल.

समाजाने काय करावे? गडसंवर्धनाचे कार्य करणाऱ्या तरुणांच्या संघटना महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. त्यांचे कष्ट वंदनीय आहेत. पण संरक्षित वास्तूवर परवानगीशिवाय, जाणकाराविना केलेले श्रमदान कधी कधी अपायकारक ठरते. उत्साहाने लावलेला एक सिमेंटचा थर शंभर वर्षांचा चुना मारतो. म्हणून हाताआधी अभ्यास हवा. शाखांच्या सहली डोंगरी गडांवर जातात, तशा समुद्राच्या गडांकडेही वळाव्यात. थळच्या किनाऱ्यावर उभे राहून मुलांना खांदेरी आणि उंदेरी दाखवावी, १६७९ची नाकेबंदी समजावून सांगावी, अलिबागेत कान्होजींच्या समाधीवर फूल वाहावे आणि रात्र पडू लागली की तो दिवा किती सेकंदांनी चमकतो, हे मुलांना मोजायला लावावे. बेटावर जाणे झाले तर नियम पाळून जावे, प्लॅस्टिकचा एक कपटाही मागे ठेवू नये आणि तटावर नाव कोरणाऱ्याला तिथेच रोखावे. त्याचबरोबर संबंधित खात्यांकडे आराखड्याविषयी लेखी विचारणा करण्याची नागरी सवयही लावून घ्यावी. देशभक्तीला अर्ज आणि पाठपुरावा यांचे वावडे असू नये.

खांदेरीचा दीप कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर आता शोधावे लागत नाही. ज्यांनी तो उभारला ते गेले. ज्यांची वाट उजळण्यासाठी उभारला, ते साम्राज्यही गेले. बेट आपले आहे, तट आपला आहे, नाव आपले आहे, म्हणून दीपही आपलाच. आणि जे आपले आहे, त्याची वात सारण्याची, त्याची काच पुसण्याची जबाबदारीही आपलीच असते. शिवछत्रपतींनी भर पावसाळ्यात, शत्रूच्या तोफांसमोर जो खडक राखला, तो शांततेच्या काळात आपल्या दुर्लक्षामुळे ढासळला, असे पुढच्या पिढ्यांना वाचावे लागू नये.